वाहनसौख्य

सहा महिन्यांनी कुमुदिनीचं लायसन्स परत आलं, ते जून महिन्यातल्या एका ढगाळ सोमवारी, साध्या पांढऱ्या पाकिटातून. फोटोतली बाई अजूनही, पुढे काय काय सोसायचं आहे याची काहीच कल्पना नसल्यासारखी, सरळ समोर बघत होती. कुमुदिनीने ते कार्ड कार्डिगनच्या बाहीने पुसलं. अशा प्रसंगी ते पदराने पुसायचं असतं हे तिला ठाऊक होतं, पण हॉलंडमधल्या उइटहॉर्नच्या हवेत पदर परवडत नाही. डोळे मात्र भरून आले... आणि ती ते देवापुढे ठेवायला वळणार, तेवढ्यात विराजने टेबलावरून एक कागद तिच्याकडे सरकवला.

कागदावर चौकोन होते. हिरवे, पिवळे आणि लाल. विराज ब्रेडा शहरातल्या एका वित्तसंस्थेत जोखीम व्यवस्थापक होता, आणि घरात कुकरची शिट्टी बदलायची असली तरी तो आधी चौकोन काढायचा. हिरव्या चौकोनात लिहिलं होतं, 'गाडी विराजच्या नावावर'. पिवळ्यात, 'विमा विराजच्या नावावर'. आणि लाल चौकोनात एकच शब्द होता.

'वहिनी'.

"उद्या पोस्टाच्या काउंटरवर जाऊन गाडी माझ्या नावावर करून टाकू," विराज म्हणाला. "तुला आता कोणी विमा देणार नाही. मी सगळ्यांचे फॉर्म बघितले. प्रत्येकात तोच प्रश्न आहे, कोर्टाने कधी लायसन्स रोखलं होतं का. माझ्या नावावर असली की तू अधूनमधून चालवशील. मी शेजारी असताना."

"तू शेजारी असताना," कुमुदिनी म्हणाली.

"सुरुवातीला. तुझा आरशाचा प्रॉब्लेम आहे ना, वहिनी. राग मानू नको, पण आरसे बघायची तुला सवयच नाही."

ओट्यापाशी उभ्या असलेल्या अश्लेषाच्या हातातला चमचा थांबला. विराजच्या बायकोने कुमुदिनीकडे पाहिलं, कुमुदिनीने तिच्याकडे, आणि त्या एका नजरेत चौदा महिन्यांचं एक ओझं एका जावेकडून दुसरीकडे गेलं आणि तसंच परत आलं.

कुमुदिनीने कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि तो हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. टेबल हलायचं थांबलं.

"गाडी माझ्या नावावर आहे," ती म्हणाली. "माझ्याच नावावर राहील. आणि विमाही माझ्याच नावावर निघेल."

गाडी तिच्या नावावर का होती, याला एक शास्त्रीय कारण होतं. तीन वर्षांपूर्वी गाडी घ्यायची ठरली, तेव्हा विराजने बारा मॉडेलांचा तुलनात्मक तक्ता केला होता, सुरक्षिततेचे तारे मोजले होते, आणि मग साताऱ्याच्या सतीशकाकांना फोन लावून घरातल्या तिघांच्या पत्रिका पाठवल्या होत्या. काकांनी सांगितलं, विराजच्या चतुर्थात शनी आहे, त्याच्या नावाने चाकाची वस्तू घेऊ नका. वाहनसौख्य आहे ते फक्त कुमुदिनीला. तेव्हा गाडी कुमुदिनीच्या नावावर झाली. विमा मात्र विराजने स्वतःच्या नावावर काढला, कारण तो ऑनलाइन काढायचा होता आणि काकांनी विम्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. एका घरात राहणाऱ्यांना तसं करता येतं.

वाहनसौख्याचा हा ग्रह तिच्या पत्रिकेत नेमका केव्हापासून बसला होता, हे कुमुदिनीला कधी कळलं नाही. अठ्ठ्याऐंशी साली ती गुरुनाथची बायको होऊन साताऱ्याला आली, तेव्हा त्या घरात सासू नव्हती, एक सायकल होती, आणि आठ वर्षांचा एक दीर होता, ज्याला सतराचा पाढा येत नव्हता. सतरा पंचे पंच्याऐंशीपर्यंत तो धावत यायचा आणि मग गप्प व्हायचा. कुमुदिनी रोज संध्याकाळी त्याला समोर बसवून पुढचा आकडा काढून घ्यायची. पुढे गुरुनाथला आइंडहोव्हनला नोकरी लागली. ती इकडे आली, डच शिकली, आणि विराजला डेल्फ्टला शिकायला आणलं. गुरुनाथ दोन हजार बारा साली गेला. त्याच्यामागे हे घर उरलं, आणि या घरात विराज, त्याचा संसार आणि त्याचे चौकोन.

ती स्वतः घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायची. नऊ वर्षं. कुणाला आंघोळ घालायची, कुणाचे पाय बांधायचे, कुणाला गोळ्या द्यायच्या आणि कुणाच्या मुलाला फोन लावून द्यायचा. त्या कामाला गाडी लागते, कारण इकडचे म्हातारे एकमेकांपासून लांब राहतात, आणि तसंच राहायचं त्यांनी आयुष्यभर पसंत केलेलं असतं. लायसन्स गेलं तेव्हा संस्थेने तिला काढलं नाही; हार्लेमच्या वृद्धाश्रमात चादरींच्या घड्या घालायला बसवलं. दोन बस बदलून जायचं, कर्फ्यूच्या दिवसांत साहेबांची चिठ्ठी खिशात ठेवून परत यायचं. सहा महिने तिने चादरींच्या घड्या घातल्या. आता जुनी जागा रिकामी झाली होती. एक जुलैपर्यंत स्वतःच्या नावाचा विमा दाखवला, तर तिची. नाही तर चादरी होत्याच.

विराजला यातलं निम्मंच ठाऊक होतं. बाकीचं निम्मं दोन जावांच्या पोटात होतं.

ते असं. दोन हजार वीसच्या मार्चमध्ये सगळं बंद झालं, तेव्हा विराजने दोन निर्णय घेतले. पहिला असा की बाहेरून आलेलं प्रत्येक पत्र तीन दिवस मागच्या शेडमध्ये एका खोक्यात राहील, विषाणू मेल्यावरच उघडलं जाईल. दुसरा निर्णय त्याने घरात बोलून दाखवला नाही, इतका तो त्याला क्षुल्लक वाटला. गाडी दारात उभी आहे, कुठे जायचं नाही, मग विमा कशाला? इथे उभ्या गाडीलाही विमा लागतो, आणि नको असेल तर तशी नोंद करावी लागते, हे जोखीम व्यवस्थापकाला ठाऊक नव्हतं. भारतात त्यांची स्कूटर विम्याशिवाय चार वर्षं सुखाने उभी होती. रद्द करण्याच्या फॉर्मवर कारणं तीनच होती... विकली, मोडीत काढली, चोरीला गेली. 'उभी आहे' असं कारण नव्हतं. त्याने 'विकली' वर टिचकी मारली. विमा नसल्याची पत्रं कुमुदिनीच्या नावाने आली, शेडमध्ये खोक्यात पडली, आणि त्या खोक्यावर सायकलचा पंप आणि मातीची पोती चढत गेली.

एप्रिलमध्ये विराज आजारी पडला. एका दुपारी त्याचे ओठ निळसर दिसले. हाउसआर्ट्स, म्हणजे इथले घरचे डॉक्टर, फोनवर म्हणाले, गाडी असेल तर निघा, वाट बघू नका. अश्लेषा स्वतः तापाने फणफणलेली. कुमुदिनीने त्याला गाडीत घातलं, रिकाम्या रस्त्याला लागली, आणि रुग्णालयाच्या दारात एका उभ्या व्हॅनचा आरसा आणि दार घासून थांबली. परिचारिका विराजला आत घेऊन गेल्या. तिला आत सोडलं नाही, कोणालाच सोडत नव्हते. नोंद करायला पोलीस आले, त्यांनी नंबर टाकला, आणि त्यांच्यातला तरुण पोलीस दीड मीटर अंतर राखून अतिशय सौजन्याने म्हणाला, "बाई, ही गाडी विकलेली आहे."

पाच दिवसांनी, विराज अजून ऑक्सिजनवर असताना, अश्लेषाला त्याच्या लॅपटॉपमध्ये विमा रद्द केल्याचं ईमेल सापडलं. ती कुमुदिनीच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, खोटं कारण देऊन विमा रद्द केला हे बाहेर आलं, तर यांचं नाव फसवणुकीच्या यादीत जाईल," ती म्हणाली. "त्या यादीतल्या माणसाला अशा कंपनीत क्षणभर ठेवत नाहीत. घरी येतील की नाही तेच ठाऊक नाही, ताई... आणि आले, तर नोकरी नाही..."



त्या हिवाळ्यात न्यायाधीशांनी पडद्यावरून विचारलं, विमा नाही हे तुम्हाला माहीत होतं का? माहीत नव्हतं म्हणाली असती तर दंड भरून सुटली असती, पण मग रद्द कोणी केला हा प्रश्न उरला असता. कुमुदिनीने त्या पडद्याकडे, आयुष्यभर खरं बोलत आलेल्या माणसाच्या सहजतेने पाहिलं आणि म्हणाली, "माहीत होतं. मीच रद्द केला होता. गाडी विकली असं मीच लिहिलं होतं." कागदावर मालक तीच, चालवणारी तीच. कबुली आल्यावर पुढे विचारायचं काही उरत नाही. दंड, शिवाय लायसन्स सहा महिने जमा.

विराज तोवर बरा होऊन घरी आला होता. विमा आपण रद्द केला आणि पत्रं खोक्यात राहिली, हे त्याने मोठ्या मनाने कबूल केलं. ती कोर्टात 'माहीत नव्हतं' म्हणाली असणार, हेही त्याने गृहीत धरलं. तेव्हा लायसन्स गेलं ते अपघातामुळे, हा निष्कर्ष त्याच्या शिस्तीच्या बुद्धीला धरून होता. अपघाताचं कळल्यापासूनच तो जेवताना, भाजी निवडताना, झूमवर नातेवाइकांना भेटताना सांगत असे, "वहिनींचं सगळं उत्तम, फक्त आरसे बघत नाहीत." आणि कुमुदिनी वाटीत आमटी घेत असे.

सात कंपन्यांनी नकार दिला. तिने सातही फॉर्म स्वतः भरले, 'होय' च्या चौकोनात स्वतः खूण केली आणि सातही नकार स्वतः वाचले. एका कंपनीने नकारासोबत आनंददायी उन्हाळ्याच्या शुभेच्छा दिल्या होत्या.

"ताई, का हट्ट करता?" अश्लेषा एकदा हळूच म्हणाली. "यांच्या नावावर होऊ दे ना."

"सहा महिने मी चोर म्हणून बसने फिरले, अश्लेषा," कुमुदिनी म्हणाली. "ते मी माझ्या मर्जीने केलं, त्याबद्दल तुझ्याकडे काही मागत नाही. पण आता त्याच्या शेजारी बसून, त्याच्या परवानगीने, त्याच्या गाडीत... ते नाही जमायचं. मला माझं नाव हवंय. महाग पडलं तरी चालेल."

ज्यांना कोणीच घेत नाही अशांना घेणारी एक विमा कंपनी होती. तिथे हप्ता तिप्पट, पण माणूस फोनवर बोलतं. त्यांनी निकालाची प्रत मागवली, जुन्या विम्याचा दाखला मागवला, आणि चोवीस जूनला दुपारी फोन केला. कुमुदिनीचे दोन्ही हात कणकेत होते. तिने कोपराने फोनचा स्पीकर लावला. जेवणाच्या टेबलावर विराज कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होता.

"एक गोष्ट जुळत नाही, मॅडम," फोनवरची बाई डचमध्ये म्हणाली. आवाज वयस्क होता, घाई नसलेला. "निकालात आहे की विमा तुम्ही स्वतः रद्द केलात, गाडी विकली असं सांगून. पण ती पॉलिसी तुमच्या नावावर नव्हती. दुसऱ्याची पॉलिसी तुम्ही कशी रद्द केलीत?"

विराजने हेडफोन काढला.

"मला पासवर्ड ठाऊक होता," कुमुदिनी म्हणाली.

"म्हणजे दुसऱ्याच्या नावाने तुम्ही आत शिरलात? मग हे जास्त गंभीर आहे. मला नाकारावं लागेल."

"काय होता?" विराज मराठीत म्हणाला. त्याचा चेहरा त्या एप्रिलमध्ये होता तसा दिसत होता. "वहिनी. पासवर्ड काय होता?"

कुमुदिनी कणीक मळत राहिली. कणकेला आता मळण्याची काही गरज नव्हती.

"तू कोर्टात काय सांगितलंस?"

"तुझी मीटिंग चालू आहे, विराज."

विराज उठला, ओट्यापाशी आला, आणि कणकेच्या परातीशेजारच्या त्या फोनवर वाकून, ज्या आवाजात तो वरिष्ठांना अहवाल देत असे त्याच आवाजात डचमध्ये म्हणाला, "पॉलिसी माझी होती. रद्द मी केली. गाडी विकली हे खोटं मी लिहिलं. हिला काहीच माहीत नव्हतं."

"गप्प बस," कुमुदिनी मराठीत म्हणाली. "अजून वेळ आहे. सांग की चूक झाली म्हणून."

"चूक झाली हेच सांगतोय."

"मी ऐकते आहे," बाई म्हणाली. "हे तुम्ही लेखी द्याल?"

"आज संध्याकाळपर्यंत," विराज म्हणाला.

फोन बंद झाला. अश्लेषा दारात उभी होती. किती वेळ, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा भिजला होता.

"मी सांगितलं होतं ताईंना," ती म्हणाली. "मीच पाया पडले. तुम्ही ऑक्सिजनवर होता..."

विराज खुर्चीवर बसला. वित्तसंस्थेची मीटिंग त्याच्या लॅपटॉपवर त्याच्याशिवाय सुरू राहिली. कोणीतरी जोखमीबद्दल बोलत होतं.

"चौदा महिने," तो म्हणाला. "चौदा महिने मी तुला आरसा... तू एकदा तरी बोलायचंस, वहिनी."

आणि मग कुमुदिनीचा इतक्या महिन्यांचा बांध फुटला, पण जसा फुटेल असं अश्लेषाला वाटलं होतं तसा नाही. ती रडली नाही. तिने कणकेचे हात तसेच समोर धरले आणि शांतपणे बोलू लागली.

"आरसा मला दिसत होता, विराज. व्हॅनही दिसली होती. पण मी तिच्याकडे बघत नव्हते. तुला शुद्ध राहावी म्हणून मी वाटेत तुझ्याकडून पाढा म्हणून घेत होते. सतराचा. तू म्हणत होतास, मुलासारखा, डोळे मिटून. सतरा पंचे पंच्याऐंशीपर्यंत आलास... आणि गप्प झालास. दार समोर होतं. मी 'पुढे' म्हटलं. तू बोलला नाहीस. मी आणखी एकदा म्हटलं. मग मी रस्ता सोडून तुझ्याकडे बघितलं. तेवढंच. एक आरसा गेला, एक दार चेपलं. परत तशी वेळ आली तर परत तुझ्याकडेच बघेन. ते तुझ्या लाल चौकोनात लिहून ठेव."

विराजने टेबलावर डोकं टेकलं. एकेचाळीस वर्षांचा तो माणूस, टेबल आता अजिबात हलत नसूनही, हलत होता. अश्लेषा त्याच्याकडे धावली. कुमुदिनीने हात धुतले, पुसले, आणि मग त्याच्या केसांतून एकदाच फिरवले, साताऱ्याला फिरवायची तसे.

"माफी मागत बसू नकोस," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत पत्र द्यायचं आहे. डच नीट लिही, तुझी वाक्यं लांबतात."

पत्र गेलं. दुसऱ्या दिवशी विराजने साहेबांना स्वतः फोन करून सगळं सांगितलं, कारण त्यांना ते यादीतून कळण्यापेक्षा त्याच्याकडून कळलेलं बरं. त्याची नोकरी गेली नाही. जोखीम विभाग गेला. त्याला प्रशिक्षण विभागात बसवलं. तिथे नव्या भरतीच्या लोकांना एक उदाहरण शिकवायचं ठरलं होतं, एका कर्मचाऱ्याने घरची गाडी उभी आहे म्हणून विमा कसा रद्द केला त्याचं, अर्थात नाव न घेता. ते शिकवायचं काम विराजकडेच आलं. तो ते चांगलं शिकवतो असं म्हणतात. चौकोन वापरत नाही.

फसवणुकीच्या यादीत त्याचं नाव तीन वर्षांसाठी गेलं. त्या तीन वर्षांत त्याला या देशात गाडीचा विमा मिळणं अवघड होतं. सतीशकाकांना हे कळवलं, तेव्हा ते पलीकडून बराच वेळ पान चघळत राहिले आणि म्हणाले, "मी शनी सांगितला होता. तुम्ही विमा त्याच्या नावावर काढलात, त्याला मी काय करू?"

तीस जूनला कुमुदिनीची पॉलिसी आली. तिचं पूर्ण नाव, जन्मतारीख, गाडीचा नंबर. हप्ता तिप्पट. विराज म्हणाला, निदान हप्ता तरी मी भरतो. ती नाही म्हणाली. तो पुन्हा म्हणाला, तेव्हा तिने त्याला गाडी धुवायला लावली, कारण चौदा महिन्यांत काचेच्या रबरात शेवाळ उगवलं होतं. त्याने ते दात घासायच्या ब्रशने काढलं.

एक जुलैला सकाळी विराजची फुप्फुसाची तपासणी होती, त्याच रुग्णालयात. कुमुदिनीचं काम दुपारी सुरू होणार होतं. मागच्या सीटवर तिची गणवेशाची पिशवी होती. ती स्टिअरिंगमागे बसली. विराज शेजारी बसला, आणि सवयीने त्याची नजर बाजूच्या आरशाकडे गेली. मग ती त्याने आपल्या गुडघ्यांवर आणून ठेवली.

"बघ, बघ," कुमुदिनी म्हणाली. "तुझ्या बाजूचा आहे. मला सांग कोणी येतंय का."

"कोणी नाही."

गाडी निघाली. कालवा गेला, पवनचक्क्या गेल्या, मास्क लावून सायकलवरून जाणारी एक बाई गेली. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, आणि त्यातलं बरंचसं कुमुदिनीला ऐकायचं नव्हतं. रुग्णालयाचं दार दिसू लागलं. दाराशी आजही एक व्हॅन उभी होती, नव्या आरशाची. तिच्या जवळ येताना कुमुदिनीची बोटं स्टिअरिंगवर घट्ट झाली... आणि शेजारून, खरखरत्या, पण पुऱ्या श्वासाच्या आवाजात विराज म्हणाला,

"सतरा सक एकशे दोन."

कुमुदिनीने मान वळवली नाही. ती समोर बघत होती, मग डाव्या आरशात, मग उजव्या, आणि व्हॅनच्या शेजारून हातभर जागा ठेवून तिने गाडी आत घेतली.

"पुढे," ती म्हणाली.